मनगटावर तीन बोटं

अँजिओग्राफी करताना रोगी जागा असतो. बायपासला पूर्ण भूल देतात, तशी इथे देत नाहीत, हे अनेकांना टेबलावर आडवं होईपर्यंत ठाऊकच नसतं. मनगटाच्या किंवा जांघेच्या कातडीत लिग्नोकेनचं एक इंजेक्शन देतात, तेवढीच जागा बधिर होते, आणि मग जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची नळी धमनीतून थेट हृदयापर्यंत जाते. रोगी छताकडे बघत असतो. डॉक्टरांचं आपसातलं बोलणं त्याला ऐकू येतं. मान थोडी वळवली तर शेजारच्या पडद्यावर आपल्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या उमटताना दिसतात. ब्लॉक निघाला तर ‘इथे सत्तर टक्के आहे’ हे वाक्यही तो तिथेच, त्याच अवस्थेत ऐकतो.

नागपुरात हे रोज घडतं. शासकीय मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं, सगळीकडे हृदयाचे रोगी येतात ते केवळ शहरातले नसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि सीमेपलीकडचे छिंदवाडा, बालाघाट, बैतूल. आदल्या रात्रीच्या बसने आलेला, सकाळपासून पोटात काही नसलेला, धोतर सोडून रुग्णालयाचा पातळ झगा घातलेला साठीचा शेतकरी स्ट्रेचरवर पडून असतो. बाहेर मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि कॅथलॅबमध्ये यंत्रांसाठी ठेवलेला गारठा. शिशाचे जड ॲप्रन घातलेली, तोंडं झाकलेली माणसं इकडून तिकडे जात असतात. अशा वेळी हळूच विचारलं जातं, “लय दुखन का जी सिस्टर?” चांगली सिस्टर घाईत असली तरी थांबते. “एक सुई टोचेल काका, मुंगी चावल्यावाणी. पुढचं कळणारसुद्धा नाही. मध्ये एकदा अंगातून गरम वाफ गेल्यागत वाटलं तर घाबरू नका, ते औषधानं होते.”

एवढ्या बोलण्यानेही नाडी थोडी खाली येते.

भीती ही मनाची गोष्ट, तिचा उपचाराशी संबंध काय, असं वाटणं साहजिक आहे. कॅथलॅबमध्ये मात्र भीती हा सरळसरळ तांत्रिक प्रश्न आहे. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, हृदयाच्या स्नायूला जास्त प्राणवायू लागतो. ज्याच्या हृदयाला आधीच रक्त कमी पडतंय, त्याच्यावर हा बोजा नको असतो. दुसरी अडचण मनगटात आहे. मनगटाची धमनी बारीक असते आणि तिच्या भिंतीतला स्नायू ॲड्रेनलिनला चटकन प्रतिसाद देतो. रोगी घाबरला, दुखलं, की ती आवळते आणि नळीला घट्ट धरते. मग नळी सरकवताना खरोखर दुखतं, दुखण्याने भीती वाढते, भीतीने धमनी आणखी आवळते. यावर डॉक्टर नळीतूनच नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिलसारखं औषध सोडतात. मन शांत करण्यासाठी मिडॅझोलामसारखी औषधंही आहेत, पण वृद्धांत त्यांनी श्वास मंदावू शकतो किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. म्हणून औषधाविना भीती थोडी उतरवता आली तर ते प्रत्येकालाच हवं असतं, आणि ॲक्युप्रेशर हृदयविभागात शिरलं ते या फटीतून.

रोगी जागा ठेवण्याची प्रथा नळीच्या जन्मापासूनची आहे. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने परवानगी नसताना स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत ढकलली आणि चालत एक्स-रे खोलीत जाऊन तिचा फोटो काढून घेतला. प्रयोग आपल्यावर होणार असं समजून बसलेल्या नर्सला त्याने आधी टेबलाला बांधून ठेवलं होतं! त्याला नोबेल मिळालं १९५६ मध्ये. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये सुरू केली. फुग्याने ब्लॉक उघडण्याचं काम झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुएन्त्झिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये केलं, तेव्हाही रोगी शुद्धीवर होता. मनगटातून हृदयाच्या धमन्यांपर्यंत जाण्याचा मार्ग माँट्रियलच्या ल्यूसिएन कांपो यांनी १९८९ मध्ये मांडला. त्याआधी जांघ हाच राजमार्ग होता. जांघेतल्या नळीचा त्रास वेगळा. ती काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं जोरात दाबून धरावं लागतं, मग काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. कंबर धरते, लघवीला अडचण होते, आणि दाबण्याच्या वेळी काहींची नाडी एकदम मंद होऊन घाम फुटतो.

हृदयाच्या रोग्यांवर ॲक्युप्रेशरचे जे प्रयोग झाले त्यांतले बरेचसे इराण, तुर्कस्तान आणि चीनमधले, आणि बहुतेक परिचारिकांनी केलेले आहेत. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागा तीन-चारच. पहिली मनगटाच्या आतल्या बाजूची. तळहात वर करा, मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, आणि जिथे तिसऱ्या बोटाची कड येते तिथे दोन कंडरांच्या मधल्या खोबणीत अंगठा टेकवा. मूठ अर्धवट वळली की त्या दोन कंडरा बहुतेकांच्या हातावर उठून दिसतात. चिनी नकाशात ही जागा हृदयावरणाच्या रेषेवरची सहावी. दुसरी जागा मनगटाच्या घडीवरच, करंगळीच्या बाजूला, तिथल्या वाटाण्याएवढ्या हाडालगतच्या खळग्यात. ही हृदयरेषेवरची सातवी. तिसरी दोन भुवयांच्या मधोमध, जिथे कुंकू लावतात तिथे. चौथी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर. ती दुखण्यासाठी वापरतात, गरोदर स्त्रीला मात्र तिथे दाबत नाहीत.

पद्धत साधी असते. रोगी पडून असतो, परिचारिका अंगठ्याने दाब देते, हळूहळू गोल फिरवते, काही मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत. दाब किती, याचं प्रमाण रोग्याच्या तोंडून ठरतं. तिथे जडपणा किंवा हलकीशी ठसठस जाणवली की पुरे. मनगटावरच्या पहिल्या जागेखालून हाताच्या मुख्य मज्जातंतूंपैकी एक, मधला मज्जातंतू जातो. बोटांना मुंग्या आल्या तर दाब जास्त झाला असं समजायचं.

आता यात एक गंमत आहे, जी जुन्या पुस्तकांत सापडणार नाही. ही पुस्तकं लिहिली गेली तेव्हा नळी जांघेतून जायची. आज ती मनगटातून जाते, आणि नेमकी त्याच मनगटातून जिथे तीन बोटं टेकवायची. अँजिओग्राफी बहुतेक वेळा उजव्या हातातून होते. तो हात जंतुनाशक लावून, फळीवर ताणून, कापडाखाली झाकलेला असतो. नंतर तिथे पारदर्शक फुग्याचा पट्टा बांधतात आणि दाब टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्या हाताला कोणीही हात लावायचा नाही. उरला डावा. म्हणजे नकाशावरच्या चौदा रेषा राहू द्या, व्यवहारात उरतं ते डावं मनगट आणि कपाळ. प्रत्यक्ष नळी आत असताना हेही सोयीचं नसतं. टेबलाजवळ उभं राहणाऱ्यावर किरणांचा शिडकावा होतो, आणि एक्स-रेचं यंत्र डाव्या बाजूने फिरत असतं. वेळ साधायची ती आधीची, म्हणजे प्रतीक्षेच्या खोलीत स्ट्रेचरवर पडून असतानाची. भीती सर्वांत जास्त तेव्हाच असते, आणि तेव्हाच कोणी जवळ नसतं.

बिंदूंची ही चिनी विद्या आपल्याकडे आली कशी, याच्या गोष्टीत नागपूरचा एक धागा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने रवाना केलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू. कोटणीस तिकडेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला, म्हणून ते नाव घरोघरी पोचलं. चोळकर पथकातले वयाने मोठे होते, नागपुरातलं एक जाणतं राजकीय नाव होतं, आज त्यांची आठवण शहरातही फारशी निघत नाही. ॲक्युपंक्चर, म्हणजे त्याच जागांवर सुया लावणं, भारतात आणलं ते यांच्यातल्या बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तिथे सुया लावायला शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावाच्या स्मारक समितीमार्फत ही पद्धत पसरली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा झाला तो २०१५ चा.

पण मराठी घरांत ॲक्युप्रेशर म्हणून जे रुळलं आहे, ते यातून आलेलं नाही. काटेरी प्लास्टिकची पायपट्टी, लाकडी रोलर, तळहाताच्या चित्रावर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड असे ठिपके दाखवणारा तक्ता, आणि त्यात डाव्या तळहातावर करंगळी-अनामिकेच्या खाली ‘हृदय’. हा नकाशा चिनीही नाही आणि आयुर्वेदिकही नाही. अमेरिकेत विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने १९१७ मध्ये शरीराचे उभे पट्टे पाडणारं पुस्तक लिहिलं, १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यावरून तळपायाचे तक्ते केले, त्यातून हे सगळं वाढलं. वर सांगितलेल्या ॲक्युप्रेशरच्या प्रयोगांतल्या जागा चिनी नकाशातल्या आहेत, तळहातावरचा तो ‘हृदयबिंदू’ त्यांत नाही. म्हणून ‘अँजिओग्राफीत ॲक्युप्रेशरचा उपयोग सिद्ध झाला’ अशी बातमी वाचून कोणी घरचा तक्ता काढून बसला, तर तो वेगळ्याच गोष्टीचा दाखला घेऊन बसला आहे.

मर्मांचा उल्लेख इथे हमखास होतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं दिली आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं ‘क्षिप्र’ आणि भुवयांमधलं ‘स्थपनी’ ही दोन्ही चिनी नकाशातल्या जागांच्या अगदी जवळ येतात, हे खरं आहे. पण सुश्रुत शस्त्रवैद्य होता. ही जागा दाबली की बरं वाटेल, असं तो सांगत नाही. इथे घाव बसला तर माणूस दगावतो, तेव्हा शस्त्र जपून चालवा, असं सांगतो. आजच्या मर्मचिकित्सेला त्याची साक्ष काढायची असेल तर हा फरक पोटात घालून काढू नये.

दाबल्याने होतं काय? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार आजही कामाला येतो. वेदना मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं, रेल्वेच्या फाटकासारखं. स्पर्शाची, दाबाची गाडी जात असली की वेदनेच्या रहदारीला थांबावं लागतं. आपण ठेच लागल्यावर अंगठा घट्ट धरतो ते उगाच नाही. शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, हा दुसरा भाग. १९७० च्या दशकात दिसलं की सुयांनी आलेला आराम नॅलोक्सोन या औषधाने कमी होतो, म्हणजे त्यात शरीरातल्या अफूसदृश द्रव्यांचा हात असावा. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की अक्कलदाढ काढल्यावर नुसत्या खोट्या औषधाने आलेला आरामही त्याच नॅलोक्सोनने उतरतो! म्हणजे ‘शरीरात खरं रसायन स्रवतं’ एवढ्याने बिंदूचं काही सिद्ध होत नाही. विश्वासानेही तेच रसायन स्रवतं.

इथे या विषयाची खरी गाठ आहे. गोळीची परीक्षा घेताना तशीच दिसणारी खोटी गोळी देता येते. दाबाची खोटी प्रत कशी करणार? संशोधक भलत्याच जागी दाबतात किंवा योग्य जागी नुसता हात ठेवतात. पण भलत्या जागीही परिचारिका रोग्याचा हात हातात घेऊन दहा मिनिटं बसलेली असते. आणि दाबणाऱ्या व्यक्तीला तर ठाऊकच असतं की आपण खरं करतोय की खोटं. भीती मोजतात प्रश्नावलीने. स्पीलबर्गर यांची वीस प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, गुण वीस ते ऐंशी. वेदना मोजतात शून्य ते दहा आकड्यांच्या पट्टीवर. दोन्ही उत्तरं रोगी देतो, आणि आपल्याशी प्रेमाने वागलेल्या सिस्टरला ‘काही फरक पडला नाही’ असं सांगायला आपल्याकडची माणसं तरी धजत नाहीत.

पाठदुखीवरच्या सुयांची जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी या गाठीवर चांगला प्रकाश टाकते. ११६२ रोगी होते. चिनी नकाशाप्रमाणे सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी उथळ सुया लावलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. काहीतरी करण्याचा फायदा मोठा, नेमक्या बिंदूचा फायदा जवळजवळ नाहीच. हृदयाच्या रोग्यांवरच्या चाचण्या याहून पुष्कळ लहान आहेत. त्यांत भीती कमी झाल्याचे निकाल बरेच आहेत, पण ते नकाशाच्या बाजूने पडतात की हाताच्या, हे त्यांतून वेगळं काढता येत नाही.

एका जागेबद्दल मात्र मत थोडं अधिक ठाम देता येतं. मनगटावरची ती तीन बोटांची जागा मळमळीसाठी चांगली तपासली गेली आहे. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. चाचण्या एकत्र तोलून बघणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलटीवरच्या ५९ चाचण्या आणि ७६६७ रोगी होते. खोट्या उपचारापेक्षा या जागेचा उपयोग अधिक दिसला आणि उलटीवरच्या औषधांच्या आसपास पोचला, जरी चाचण्यांच्या दर्जाबद्दल आढाव्याने हातचं राखूनच लिहिलं. बायपासनंतर उलटीची उबळ आली की मधोमध कापून तारेने जोडलेलं छातीचं हाड किती दुखतं, हे ज्याने सोसलं त्यालाच माहीत. तिथे बटण असलेली लवचीक पट्टी डाव्या मनगटावर घालून बघायला हरकत नाही.

उलट, चीनमध्ये नुसत्या सुयांवर हृदय उघडतात ही गोष्ट सोडून द्यावी. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स १९७१ मध्ये पेकिंगला काढलं, ते नेहमीच्या भुलेच्या इंजेक्शनवर. सुया लावल्या त्या नंतर पोट फुगल्यावर. जगभर पसरली ती मात्र सुयांवर शस्त्रक्रिया झाल्याची कथा. २००६ मध्ये बीबीसीने चीनमधली अशीच एक हृदयशस्त्रक्रिया दाखवली. त्या तरुणीला मिडॅझोलाम, ड्रोपेरिडॉल आणि फेन्टॅनिल ही जबरदस्त औषधं दिलेली होती, वर छातीत बधिरतेची इंजेक्शनंही.

मग करावं की नाही? माझं मत, करावं. मात्र भीती उतरवण्यापुरतं, आणि ब्लॉकवरचा इलाज म्हणून कधीच नाही. खर्च शून्य आहे, आणि नीट केलं तर धोका जवळजवळ नाही. शिवाय परिचारिकेला रोग्याजवळ पाच मिनिटं बसायला ते एक सबळ कारण देतं. आपल्या वॉर्डांत एका सिस्टरच्या वाट्याला जितके रोगी येतात, ते पाहता ही पाच मिनिटं सहज मिळत नाहीत, म्हणून नातेवाइकांना शिकवणं जास्त शहाणपणाचं. सून किंवा मुलगा बाहेरच्या बाकावर नुसता बसून असतो, त्याला रोग्याचं डावं मनगट कसं धरायचं हे दोन मिनिटांत दाखवता येतं. नंतरच्या काळात पाय सरळ ठेवून पडलेल्या माणसाला तर आपलं कोणी हात धरून बसलेलं हवंच असतं.

तुमच्या घरी कोणाची तारीख लागली असेल तर इतकं लक्षात ठेवा. दाबायचं ते सिस्टरला विचारून, आणि नळी घातलेल्या हाताला किंवा जांघेला अजिबात नाही. सलाईन लावलेली जागा, डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, सुजलेली पोटरी, यांनाही हात लावू नका. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, थोड्या जास्त दाबानेही काळंनिळं पडतं, तेव्हा लाकडी रोलर आणि काटेरी पट्टी घरीच ठेवा. मानेच्या बाजूची नाडी तर कधीही चोळू नका, तिथल्या दाबाने हृदयाचे ठोके एकदम मंद होऊ शकतात. आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर तळहातावरचा कोणताही ठिपका शोधत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आणि तिचे पैसे लागत नाहीत.